जाणारी आणि येणारी

आईनं ठणकावलं होतं, "आज तुमची म्हातारी सुरू झाली नाही, तर उद्या भंगारवाला." म्हातारी म्हणजे बाबांची चाळीस वर्षांची मोटार.

लेकीनं दुसरं इंजिन बसवलं आणि पेट्रोलच्या दोन्ही नळ्या जोडल्या. जुनं इंजिन काढताना आईनंच त्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, 'जाणारी' आणि 'येणारी'. जाणारी टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणार, येणारी उरलेलं परत आणणार, इतकं सरळ.

बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन पाहुण्यासारखं एकदा खाकरलं आणि गप्प बसलं. बाबांचा चेहरा असा पडला, की लेकीला आधी तो उचलून ठेवावासा वाटला.

आई डोकावली. "उलट्या जोडल्यात. येणारी म्हणजे माझ्याकडे येणारी. मी इंजिनापाशी उभी होते ना!"

"आम्ही टाकीच्या बाजूनं वाचलं गं," लेक म्हणाली.

"हा माणूस तीस वर्षं टाकीच्याच बाजूनं वाचतोय."

लेकीनं नळ्यांची अदलाबदल केली. म्हातारी गुरगुरली आणि गुरगुरतच राहिली. बाबा डोळे पुसत म्हणाले, "पेट्रोलची वाफ."

आईनं भंगारवाल्याला फोन लावला. "उद्या या, पण फक्त जुनं इंजिन न्यायचं. गाडी राहू दे. नवराही राहू दे."