चिठ्ठीतून गाळलेलं

तिचा नवरा बॉयलर चालवायच्या परवान्याच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणार होता. दोनदा आपटला होता, आणि आताही आपटला तर शिफ्टचा प्रमुख बाहेरून आणू, असं मॅनेजरनं तोंडावर सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात तो अकरा वर्षं बॉयलरवर हेल्पर होता. ती बॉयलरखोलीच्या भिंतीच्या अलीकडे त्याच चादरींच्या घड्या घालायची. घरात अभ्यासाचं डोकं तिचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोलून कुणी दाखवत नसे.

या खेपेला नोट्स तिनं हातात घेतल्या. शाळेत बाईंनी शिकवलेली रीत तिच्या चांगली लक्षात होती. वहीची दहा पानं करायची, दहाची दोन, दोनाची एक चिठ्ठी. डोक्यात बसलं ते कागदावरून काढून टाकायचं, म्हणजे शेवटी अडणारं तेवढंच उरतं. जेवणाच्या सुट्टीत ती चादरींच्या जुन्या याद्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत बसे. महिनाभरात दोनशे पानं तळहाताएवढ्या चिठ्ठीवर आली. नवरा खूश झाला.

"एवढंच? मग काय, झालंच," म्हणाला, आणि वही माळ्यावर टाकली ती टाकलीच.

परीक्षेहून आला तो तोंड पाडून. तोंडी परीक्षेत साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, की बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय करशील?

"मी म्हणालो, पाणी सोडीन. साहेबांनी पुढचं काही विचारलंच नाही," नवरा म्हणाला. "चिठ्ठीत नव्हतंच ते. तू गाळलंस."

गाळलं होतं खरं, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. आधी आग बंद करायची, पाणी मुळीच सोडायचं नाही. तापलेल्या लोखंडावर गार पाणी गेलं तर बॉयलर फुटतो. एकदा वाचलं आणि तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"मला येत होतं म्हणून काढलं," ती म्हणाली.

"परीक्षा तुझी होती की माझी?"

प्रश्न खरा होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"अकरा वर्षं त्या काचेसमोर तुम्ही उभे आहात. मला वाटलं, एवढं तरी तुम्हाला येत असेल."

रात्री अंथरुणावर तिनं खरं उत्तर सांगितलं. "आता सांगून काय उपयोग?" म्हणत तो कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या नोट्सनी घात केला, असं त्यानं कारखानाभर सांगितलं. घड्यांच्या टेबलावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती तडक ऑफिसात गेली आणि क्लार्ककडे परीक्षेचा फॉर्म मागितला, स्वतःसाठी.

"बॉयलरवर किती वर्षं काम केलंय?" क्लार्कनं विचारलं.

"भिंतीच्या अलीकडे चौदा."

क्लार्क पोट धरून हसला आणि फॉर्म पुन्हा खणात ठेवला.

प्रमुख बाहेरून आला. तो जेवायला गेला की अर्धा तास बॉयलरवर नवरा एकटाच असतो. त्या अर्ध्या तासात तिच्या घड्या वाकड्या येऊ लागल्या. भिंतीपलीकडची घरघर चौदा वर्षं तिनं कानाआड केली होती. आता ती ऐकताना 'पाणी सोडीन' एवढंच तिच्या मनात येई.

म्हणून हल्ली ती रोज त्या वेळी त्याचा डबा घेऊन पलीकडे जाते. डबा ठेवते, काचेत पाणी खुणेला आहे ना ते बघते, आणि प्रमुख परत येईपर्यंत तिथंच उभी राहते. तिचं स्वतःचं जेवण राहतं.

"बायको असावी तर अशी," प्रमुख एकदा म्हणाला.

नवरा खुशीत हसला, आणि चिठ्ठीचं सगळं विसरल्यासारखा जेवायला बसला. ती काचेकडे बघत होती.