मुठीतली शिट्टी

कानाची मशीनं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कानसेन म्हणायची. आणि त्याला ते आवडायचंही, उगाच खोटं कशाला बोला! मशीन दुरुस्त झालं की तो ते मुठीत गच्च धरून कानाशी न्यायचा. चालू मशीन मुठीत शिट्टी मारतं. माइक आवाज पकडतो, आतली चिप तो मोठा करते, इवलासा स्पीकर तो कानात सोडतो. मूठ मिटली की सुटलेला आवाज परत माइकात शिरतो, आणखी मोठा होतो, आणि असा गरागरा फिरत किंचाळायला लागतो. शिट्टी आली की मशीन जिवंत, नाही आली की मेलं. तपासणीची पेटी घ्या, असं बायको कधीची म्हणत होती. देवानं कान दिलेत, पेटी काय करायची, म्हणून त्यानं तिला उडवून लावलं होतं.

हल्ली मधूनमधून एखादं मशीन मुठीत गप्प राहायचं. त्या दिवशी मात्र सकाळीच दोन गप्प राहिली. त्यानं दोन्ही उघडली. एकाची केसाएवढी तार चिमट्यात तुटली, तेव्हा तो स्वतःवरच चरफडला. आता बाकावर निवृत्त मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या आणि तिसरं मशीन त्यांचं होतं. स्पीकरच्या तोंडाशी मळ साचला होता, बाकी काही नाही. त्यानं तो काढला, जाळी बदलली, मूठ मिटली.

शिट्टी नाही.

त्यानं बॅटरी बदलली. नाही. दुसऱ्या पाकिटातली घातली. नाही. बॅटरीवाल्यानं जुना माल गळ्यात मारला म्हणावं, तर मीटरचा काटा पार भरलेल्या टोकाला जाऊन टेकला. खणात दुकानाचं नमुन्याचं मशीन होतं, कधी म्हणून दगा न देणारं. ते त्यानं टेबलाखाली मुठीत धरलं आणि श्वास रोखून ऐकलं. रस्त्यावरची गाडी ऐकू आली, पंख्याची घरघर ऐकू आली. उंच पट्टीतली ती शिट्टी तेवढी नाही.

गिऱ्हाइकांना तो नेहमी सांगायचा, दोष शोधताना आधी बॅटरी बघा, मग मळ, मग मशीन, आणि सगळ्यात शेवटी कान. बॅटरी झाली, मळ झाला, मशीनही झालं. कान गेले तर या खुर्चीत बसून करायचं काय? दुसरं येतंय काय आपल्याला?

गल्ल्यापाशी बायको पाठमोरी बसून डब्या पुसत होती. तिच्याकडे बघत त्यानं मूठ मिटली. तिचे खांदे आक्रसले. मूठ उघडली, खांदे सैल. पुन्हा मिटली, पुन्हा तेच. वळून मात्र ती एकदाही बघेना.

आता त्याला खरीच भीती वाटली. मुख्याध्यापिकाबाई त्याच्या तोंडाकडे टक लावून होत्या. स्पीकर गेलाय, उद्या या, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पेचकस हातातच होता. त्यानं तो खाली ठेवला, त्यांचं मशीन त्यांच्या हातात दिलं आणि खुणेनं घालायला सांगितलं. त्यांनी ते घातलं, पंख्याकडे बघितलं आणि हसल्या. तुमच्यासारखा कान गल्लीत कुणाचा नाही, असं म्हणून गेल्या.

दार लागल्यावर तो म्हणाला, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

बायकोनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "बरेच महिने झाले. दुपारी तुम्ही आडवे झालात की मी तुम्ही मेली म्हणून उघडून ठेवलेली मशीनं जोडून मुठीत धरून बघते. वाजली की चांगल्यांत ठेवून देते."

"मग बोलली का नाहीस?"

"जगाला सांगता, मशीन लावायला लाज कसली. पण तुमचा चेहरा पडलेला मला बघवला नसता."

तो भडकला. मला वेड्यात काढलंस, असं म्हणाला, आणि म्हणतानाच त्याचा आवाज चिरकला. तिनं टेबलाखालून नमुन्याचं मशीन काढलं, त्याच्या कानात बसवलं, आवाज जुळवला. हजारदा त्याला करताना बघितलं होतं तिनं. मग सकाळच्या दोनांपैकी धड उरलेलं मशीन जोडून, चालू करून त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्यानं मूठ मिटली. अशी काही शिट्टी आली की तो खुर्चीत दचकला. कर्कश, दात शिवशिवणारी, ओळखीची. त्याचे डोळे भरून आले.

"पुरे आता," बायको कानांवर हात ठेवून म्हणाली. "वाजतंय, कळलं."

पण तो मूठ उघडेना.