क्रस्त्योबुवाचा तोल सावरणारा दोरा

चेरीच्या पेट्या उन्हात टाकून सारा बाजार क्रस्त्योबुवाभोवती गोळा झाला होता. आम्ही बल्गेरियाची माणसं मार्चमध्ये मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतो आणि झाड फुललं की फांदीला अडकवतो. बुवाने त्याच दोऱ्यात मठामागचा खडा ओवला होता आणि हा बांधला की माणसाचा तोल जात नाही, असं सांगून तो विकत होता. दोरा ओळखीचा, म्हणजे खडाही खरा! आमची अक्कल ही एवढी.

मधोमध उभी होती आमची त्स्वेताना. वजन एकशे दहा किलो, जीभ त्याहून भारी. गेल्या हंगामात चेरी तोडताना ती शिडीवरून पडली होती. उद्या पुन्हा चढायचंच, असा तिचा हट्ट होता.

"पाय जुळव, हात पसर," म्हणत बुवाने तिच्या पसरलेल्या हाताचा पंजा खाली दाबला. त्स्वेताना कलंडली. मग दोरा बांधून दाबला, तर जागची हलेना!

"बघा! आता पृथ्वीमाता हिला धरून ठेवते!"

"पृथ्वी मलाही धरते, तीही खड्याशिवाय," म्हणत शाळेतल्या खेळाच्या बाई झ्लातिना पुढे आल्या. "काकू, दोरा राहू द्या. हात पसरा." त्यांनी दोन बोटांनी पंजा दाबला. काकू दोऱ्यासकट कलंडली. मग दोरा सोडून हातात काकडी दिली आणि पुन्हा दाबलं. काकू ढिम्म!

"अगं बाई, काकडी पावली!" कुणीतरी ओरडलं.

"मेख दाबणाऱ्याच्या बोटांत आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर ओढत दाबलं की माणूस कलंडतो, पायांच्या दिशेने दाबलं की टिकतो."

"अश्रद्ध माणसाला..." बुवा गुरगुरला.

"मग तुम्हीच चढा की शिडीवर!" त्स्वेताना कडाडली. "झोळीतले सगळे दोरे बांधून!"

"मला... उंचीवर भोवळ येते."

बाजार खदखदून हसला. त्स्वेताना मात्र मटकन पेटीवर बसली. "म्हणजे उद्या मी मेलेच असते," ती म्हणाली. तेव्हा मला बुवाचा खरा संताप आला.

बाई तिच्याशेजारी बसल्या. "पोटाचं वजन वाढलं की भार पुढे सरकतो, घोट्यांना सावरायला जास्त जोर लागतो. यात लाज कसली? वजन हळूहळू उतरवा, रोज टेबल धरून एका पायावर उभं राहायचा सराव करा. तोवर खालच्या फांद्या तुमच्या."

मंडळी, तोल पाय सांभाळतात, डोळे सांभाळतात, खडा नाही. उद्या कुणी तुम्हाला ढकलून चमत्कार दाखवला, तर एवढंच बघा, तो ढकलतोय कुठल्या बाजूला.