डॉक्टरांचे दोन हात

त्या सिनेमाचं नाव निघालं की डॉक्टर हळवे व्हायचे आणि बाईंची दाढ ठणकायला लागायची. दाढ जागेवर राहिली नव्हती, तरीसुद्धा.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. बाई म्हणजे त्यांची बायको. शिवणशाळेत कटिंग शिकवायच्या, म्हणून सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणायची. आणि सिनेमा म्हणजे ‘निघता निघता राहिले’. लग्न ठरण्याआधी दोघं पहिल्यांदा एकत्र बाहेर पडले ते हाच सिनेमा बघायला. त्या दिवशी बाईंची खालची दाढ अशी ठणकत होती की विचारू नका. पण पहिल्याच भेटीत, तेही दातांच्या डॉक्टरला, ‘माझी दाढ दुखते’ म्हणून कसं सांगायचं? फुकटात तपासून घ्यायला आली म्हणेल! म्हणून बाई तोंडावर रुमाल दाबून सबंध सिनेमाभर घळाघळा रडल्या. शेजारच्या खुर्चीवरून डॉक्टरांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं की इतक्या हळव्या मनाची मुलगी दुसरी मिळायची नाही. गाल धरून बसलेली बाई शेजारी, आणि हा दातांचा डॉक्टर तिचं हृदय तपासतोय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बरं, लग्नानंतर महिन्याभरात ती दाढ डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी काढली. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. बाईंना आधी सांगायची लाज वाटली, पुढे गंमत वाटली, आणि मग इतकी वर्षं गेली की आता कुठे उकरून काढा, असं झालं. पण त्याचा भुर्दंड त्यांनाच बसला. घरात कुणी भांडं आपटलं की डॉक्टर म्हणणार, "हळू, हिला सोसत नाही." बातम्यांत कुठे आग लागली की टीव्ही बंद. नणंद तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या वहिनी म्हणजे अगदी त्या सिनेमातल्या!" दिवसभर हातभर कात्रीने जाड कापडाचे थरच्या थर कापणारी बाई घरात आली की मेणाची व्हायची.

आता त्या सिनेमातली कशी, तेही सांगायला हवं. नायिकेला दूर कुठेतरी शाळेत नोकरी लागते. नायकाचं तिच्यावर प्रेम असतं, पण तो बोलत नाही. पहिल्या अर्ध्यात बोलत नाही, मध्यंतरानंतरही बोलत नाही. शेवटी ती बसमध्ये जाऊन बसते, हा स्टँडवर खांबाला टेकून डोळ्यांत पाणी आणतो. बस सुटते. ती "थांबा!" म्हणून किंचाळते, उतरते, धावत येते. नोकरी गेली खड्ड्यात. व्हायोलिन वाजतं, समाप्त.

तर या सिनेमाचा खेळ रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवला होता. सोसायटीचं चित्रपट मंडळ होतं आणि डॉक्टर त्याचे अध्यक्ष. मंडळाचा एक शिरस्ता होता. सिनेमा संपला की एक प्रश्न टाकायचा, त्यावर यथेच्छ भांडायचं, आणि मग हात वर करून निकाल लावायचा. बाई तोवर मागच्या खोलीत चहाला लागलेल्या असायच्या. म्हणून डॉक्टर दोन हात वर करायचे. "हा माझा, हा हिचा," म्हणायचे. सगळे कौतुकाने हसायचे. आपलं मत काय पडलं हे बाईंना कप धुताना कळायचं.

पण या रविवारी बाईंचं मन चहात नव्हतं. आठवड्याभरापूर्वी शिवणशाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या शहरात नवी शाखा निघतेय, सगळी तुमच्या हाताखाली. दोन वर्षं तरी तिथे राहावं लागेल. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा. बाईंना जायचं होतं. इतकं जायचं होतं की भाजी चिरताना मनातल्या मनात मशिनी मांडून व्हायच्या, खिडकीलगत, उजेड डावीकडून यायला हवा. हे सगळं त्यांनी जेवताना डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर हसले. "त्यात विचार काय करायचा? नाही म्हणून कळव. तू काय माझ्याशिवाय राहणारेस!" म्हणाले आणि पुढची पोळी मागितली. बाईंनी वाढली. वाढली, आणि मग रात्रभर स्वतःवरच चरफडत बसल्या.

सिनेमा संपला तेव्हा हॉलचे सरळ दोन तुकडे झाले होते. डावीकडे रडणारे, उजवीकडे हसणारे. रडणाऱ्यांचे पुढारी कर्नल. हे गृहस्थ कधी सैन्यात नव्हते, विमा विकायचे, पण मिशा तशा होत्या. हसणाऱ्यांची पुढारी डॉक्टरांचीच लेक. ती आपल्या लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि शेवटच्या प्रसंगाला तिनेच पहिल्यांदा फिस्सकन हसून कर्नलांच्या रुमालाचा विचका केला होता.

"काय तो त्याग!" कर्नल नाक पुसत उठले. "डोळे बोलतात हो त्याचे, डोळे!"

"डोळे बोलत होते, मग तोंडाला काय झालं होतं?" लेक म्हणाली. "मूग गिळून उभा राहिला खांबाला! एक वाक्य बोलला असता तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता आणि आपण सगळे घरी गेलो असतो."

"प्रेम सांगायचं नसतं, समजायचं असतं," नणंद म्हणाली.

"आत्या, तुम्ही काकांना साधं मीठ द्या म्हणायचं तरी चार हाका मारता."

हशा पिकला. तळमजल्यावरच्या आजी मधेच म्हणाल्या, "पण मी म्हणते, तिची ट्रंक टपावर होती ना? बस तर गेली. मग ट्रंकेचं काय झालं?" आजवर कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्यावर दहा मिनिटं रणकंदन माजलं. रडणाऱ्यांचं म्हणणं, खऱ्या प्रेमापुढे ट्रंक ती काय. हसणाऱ्यांचं म्हणणं, दुसऱ्या दिवशी नेसली काय?

शेवटी डॉक्टरांनी टेबलावर चमचा वाजवला. "प्रश्न साधा आहे. ती बसमधून उतरली ते बरोबर केलं की चूक? बरोबरवाल्यांनी हात वर करा." आणि नेहमीप्रमाणे स्वतःचे दोन्ही हात वर केले. "हा माझा, हा हिचा. आणि हिचं तर विचारायलाच नको. आता घरातली गोष्ट म्हणून सांगतो. हिलासुद्धा परवा अशीच एक संधी आली. दुसऱ्या शहरात, मोठी जागा. आणि हिचं उत्तर काय असेल ते मी तुम्हाला सांगायची गरज आहे?"

टाळ्या. नणंदेने डोळ्यांना पदर लावला.

"बाबा, हात खाली घ्या," लेक ओरडली. "आईचा हात आईला वर करू दे. आणि ती आमच्या बाजूची आहे. हो ना गं आई?"

बाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. आख्खा हॉल त्यांच्याकडे वळला. डॉक्टर प्रेमाने बघत होते, लेक खुणा करत होती, आणि कुणीही ट्रे घ्यायला उठलं नव्हतं. बाईंनी तो स्वतःच टेबलावर ठेवला. संताप असा चढला होता की कप किणकिणले.

"तो हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. "माझा आहे तो."

डॉक्टरांनी चुकून स्वतःचा उजवा खाली घेतला, मग गोंधळून डावाही घेतला.

"मला तो सिनेमा आवडत नाही. कधीच आवडला नाही. नायक ठोंब्या आहे आणि ती बिनडोक. आणि ज्या दिवशी मी रडले ना, त्या दिवशी माझी दाढ दुखत होती."

आधी आजी खुदकन हसल्या, आणि बघता बघता डावे-उजवे सगळे एकदमच हसायला लागले. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमत झालं. "दातांच्या डॉक्टरला दाढ कळली नाही!" कर्नलांच्या मिशा हसून हसून ओल्या झाल्या. डॉक्टर मात्र खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा पाहून बाईंना वाईट वाटलं. नाही असं नाही. पण शब्द मागे घेण्याइतकं नाही.

"आणि मी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "नव्या शाखेत."

"शाब्बास!" हसणाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांत मोठ्याने लेकीने. मग तिचे हात मधेच थांबले. "म्हणजे... खरंच जाणार? अगं, पण या पोरीला कोण बघणार? पुढच्या महिन्यात मी कामावर रुजू होतेय. मी तर तुला धरूनच सगळं ठरवलं होतं."

"मला विचारलं होतंस?"

"त्यात विचारायचं काय, आई?"

"अगदी बापावर गेली आहेस," बाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून बाहेर पडल्या.

जिन्यात त्यांच्या मागे आवाज येत होते. हॉलमध्ये नवीन वाद जुंपला होता. "जातील, जातील. बोलण्यात किती जोर होता बघा ना!" "छे हो, दोन महिन्यांत परत येतील." "मी सांगतो, डॉक्टर स्टँडवर गेले की उतरतील!" कुणी तरी हात वर करायला सांगत होतं. बाईंना वाटलं, परत जाऊन ट्रेच भिरकावावा. पण जाऊ दे, कप आपलेच होते.

डॉक्टर धापा टाकत खाली आले. फाटकापाशी दोघं उभे राहिले. बराच वेळ डॉक्टर नुसतेच बघत राहिले, अगदी त्या खांबाजवळच्या नायकासारखे, आणि बाईंना वाटलं, आता हा माणूस बोलणार नाही. पण ते बोलले.

"सगळ्यांसमोर सांगायचं होतंस का?"

"माझ्या वतीने तुम्ही नाही म्हणालात तेही सगळ्यांसमोरच."

डॉक्टरांनी मान हलवली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. आवाज एकदम लहान झाला. "मी तुला त्या दिवशी पाहिलं आणि वाटलं, हीच. इतकी वर्षं मला वाटायचं, मला तू पाठ आहेस. आणि ती जर तू नव्हतीसच, तर मी एवढा संसार केला कुणाशी?"

बाईंना रडू येईलसं वाटलं. दाढेचं नव्हे. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्याला आधीच माहीत नव्हतं.

"तिच्याशीच," त्या म्हणाल्या. "मी आपली तुम्हा दोघांचा स्वयंपाक करत होते."

मग त्यांनी पर्समधून फोन काढला आणि सोमवारची वाट न बघता मोठ्या बाईंचा नंबर लावला. डॉक्टर शेजारीच उभे होते. पलीकडून हॅलो आलं तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली, कारण आवाज नीट ऐकू येत नव्हता.

"हो, मीच बोलतेय," त्या म्हणाल्या. "येते मी."