बाई काहीच बोलत नाहीत

"तराजूवरच्या दोन्ही ग्लासांत सारखंच पाणी आहे. काटा बघा, बरोबर मधोमध आहे. आता यातल्या एका पाण्यात मी नुसतं बोट बुडवलं, ग्लासाला कुठेही न टेकवता, तर तराजू हलेल का?"

एवढं विचारून विज्ञानाच्या बाईंनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला.

सातवीच्या वर्गाला हे सवयीचं होतं. चष्मा स्वच्छच असायचा, पुसणं हे आपलं थांबायचं निमित्त. शेवटच्या बाकावर कसेबसे गुडघे दुमडून बसलेल्या नव्या हेडसरांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, बाई पुढचं विसरल्या.

हेडसर काही सहज येऊन बसले नव्हते. 'बाई वर्गात काहीच बोलत नाहीत' अशी काही पालकांची तक्रार होती. सकाळीच त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं होतं, "राग मानू नका, पण आजचा तास मला पटला नाही तर पुढच्या वर्षी सातवी दुसऱ्या कुणाकडे देऊ. तुम्ही वाचनालय सांभाळा. तिथे शांतता असते, तुम्हाला आवडेल."

बाईंना शांतता आवडते, हा शोध भलताच होता. घरी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नसे. "ही श्वास कधी घेते, देव जाणे," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. नवरा म्हणायचा, "मला एकदा तुझ्या वर्गात बसव गं. तू गप्प असलीस की कशी दिसतेस, ते बघायचंय."

पण वर्गात पाऊल टाकलं की बाईंचा एकच धर्म होता. प्रश्न विचारला की शिकवणाऱ्याने तोंड मिटायचं. हुशार मुलांचे हात लगेच वर जातात, त्यांची काळजी नाही. बाकीच्यांचा विचार सावकाश येतो, गुडघेदुखीचा माणूस जिना चढतो तसा. तो वर पोचायच्या आत आपण उत्तर सांगून मोकळे झालो, तर तो अर्ध्या जिन्यातूनच माघारी फिरतो. तेव्हा थांबायचं. जीव कासावीस झाला तरी थांबायचं. आणि बाईंचा जीव रोजच कासावीस व्हायचा, कारण मुळात बोलणं त्यांच्या रक्तात होतं.

पहिल्या बाकावरच्या 'रेडिओ'चा हात केव्हाच वर गेला होता. बाईंनी त्याच्याकडे बघून नुसतं "हं" केलं आणि चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली. आणखी तीन-चार हात आले. वर पंखा कुरकुरत होता. आणि मग हेडसरांच्या पुढच्याच बाकावरचा एक हात हलला. ती 'गोगलगाय'. वर्गाने ठेवलेलं नाव, तिलाही ते मान्य होतं. वर्षभरात तिचा हात कधी खांद्याच्या वर गेला नव्हता. आता तो कानापर्यंत आला होता.

नेमकं तेव्हाच हेडसरांना राहवलं नाही.

"नाही हलणार! अहो, सोपं आहे. बोट आपल्या हातालाच आहे, त्याचं वजन हातच पेलतोय ना!"

गोगलगायीचा हात खाली गेला.

बाईंच्या डोळ्यांपुढे वाचनालयाची कपाटं उभी राहिली. नुसतं हसून 'बघू या हं, सर' म्हटलं असतं तरी भागलं असतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण तो हात खाली जाताना त्यांनी पाहिला होता, आणि त्यांना खरोखर राग आला होता.

"सर, या वर्गात हात वर करून बोलतात," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता पाळी तुमची नव्हती."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. हेडसर कानापर्यंत लाल झाले.

"सॉरी, बाई," ते पुटपुटले आणि त्यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला.

बाईंनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. नोकरीत इतकी वर्षं गेली, पण कुठल्याच हेडसरांना त्यांनी कधी गप्प केलं नव्हतं.

"बाई, सरांचं बरोबर..." रेडिओने सुरुवात केली.

"तूही थांब."

बाईंच्या दोन्ही काचा पुन्हा पुसून झाल्या. मग मागून बारीक आवाज आला.

"हलेल."

बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. 'का' हा शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने गिळला.

"बोट आत गेलं की पाणी वर चढतं ना. मग ते... जास्त पाणी असल्यासारखंच झालं. म्हणून तिकडचं पारडं खाली जाईल." ती थांबली. "असं वाटतं मला. नक्की नाही माहीत."

"मग नक्की करू या. ये, तूच बुडव."

ती आली. बोट पाण्यात गेलं आणि पारडं सावकाश, अगदी तिच्यासारखंच सावकाश, खाली बसलं. वर्गाने असा काही गिल्ला केला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. हेडसर ताडकन उठले, दोन पावलं आले, मग काहीतरी ध्यानात येऊन थबकले आणि त्यांनी हात वर केला.

"बाई, मी एकदा बुडवून बघू?"

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा हेडसर ओलं बोट झटकतच बाईंपाठोपाठ व्हरांड्यात आले.

"मला अजून नीट पटलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे बोटाचं. तासाचं पटलं. सातवी तुमच्याकडेच राहू दे. पालकांशी मी बोलतो. बोलणं मला जमतं."

"ते दिसलंच, सर," बाई म्हणाल्या, आणि दोघेही मनापासून हसले.

तराजू कपाटात ठेवायचा राहिला म्हणून बाई मागे फिरल्या. सुट्टी होऊनही एकही मूल बाहेर गेलं नव्हतं. टेबलाभोवती नुसती झुंबड. "दोन्हीकडे बोटं घाला, एक जाड, एक बारीक!" रेडिओ ओरडत होता. "अरे, जरा विचार तर करू दे!" गोगलगाय त्याला दटावत होती. बाईंच्या ओठांवर अख्खं उत्तर आलं, पुढचे चार प्रश्नही आले. त्यांनी एक पाऊल आत टाकलं.

गोगलगायीने त्यांना पाहिलं आणि ती पळतच आली.

"बाई, आत नका ना येऊ! तुम्ही सांगून टाकाल!"

आणि तिने त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

बाईंना फार आनंद झाला, आणि जरासं रडूही आलं. एवढं सगळं सांगायचं होतं आणि आत कुणाला ते नको होतं. सुट्टी संपेपर्यंत त्या तशाच व्हरांड्यात उभ्या राहिल्या.