भांडवल परत

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. माझी मूठ लाकडाची आहे आणि तळाला 'भांडवल परत' ही अक्षरं उलटी कोरलेली आहेत. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं आरशासमोर धरून माझी अक्षरं तपासली आणि गिऱ्हाईकाला सांगितलं, की हा काही रोज लागणारा शिक्का नव्हे, लवकर झिजायचा नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक कर सल्लागार बाई. त्यांची कचेरी दोन खोल्यांची, खिडकीबाहेर छापखान्याचं पत्र्याचं छप्पर. बाईंच्या जोडीला त्यांची नणंद काम करायची. बाई तिला वन्सं म्हणत, म्हणून हळूहळू अशिलंही वन्संच म्हणू लागली, अगदी पांढऱ्या मिशांचीसुद्धा. सकाळी कुलूप उघडणं, कागद लावणं, बाईंचा डोळा चुकला तर हळूच बोट ठेवणं, हे सगळं वन्सं करायच्या. घरचंच माणूस, असं दोघीही म्हणत आणि विषय तिथेच संपे.

आमचं काम काय, ते ऐका. लोक फंडात पैसे गुंतवतात आणि फंड त्यांना अधूनमधून रक्कम पाठवतो. बँकेत सगळ्या रकमा सारख्याच दिसतात, पण कराच्या दृष्टीनं त्यांच्या जाती वेगळ्या. कुठे व्याज असतं, कुठे लाभांश, कुठे शेअर विकून आलेला भांडवली नफा. प्रत्येकाचा रकाना वेगळा, कर वेगळा. आणि कधी कधी फंड तुमचंच मूळ थोडं तोडून तुमच्या हातावर ठेवतो. त्यावर लगेच कर नसतो, पण मूळ तेवढं कमी झालं, अशी नोंद करावी लागते. पहिली तीन झाडाची फळं, मित्रांनो. चौथी झाडाचीच फांदी. फांदीवर उठायचा तो मी.

माझे तीन भाऊ दिवसभर राबत. मी स्टँडवर टांगलेला असे. कधी माझी पाळी आली आणि एखाद्याचा कर वाचला, की बाई माझी मूठ पुसून म्हणत, "हा शहाणा आहे आमचा." मला तेवढं पुरायचं.

आमच्याकडे एक मास्तर यायचे, मुलांना पोहायला शिकवणारे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळी पुंजी एकाच फंडात टाकली होती. बायको अंथरुणाला खिळलेली. फंडाची रक्कम मात्र दर महिन्याला ठरलेली, बाजार पडो वा चढो. मास्तर मोठ्या कौतुकानं सांगत, की फंड कसा पोटच्या पोरासारखा सांभाळतो. कागदावर 'लाभांश' छापलेलं असे. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, की नेमकी विभागणी वर्षअखेरीस मागितल्यास कळवू. ती कुणी मागितली नव्हती. बाई लाभांशाचा शिक्का मारून मोकळ्या होत.

एका वर्षी बाईंनी मास्तरांच्या कागदांवर असेच शिक्के मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर प्रत्येक लाभांशावर माझा ठसा. जांभळा, ताजा.

बाईंना वाटलं, वन्संची गंमत. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुझ्या कामात मी कधी गंमत केलीय?" बाईंनी नव्या प्रती काढल्या. पुन्हा तेच. मग त्यांनी मला लोखंडी कपाटात कोंडलं आणि किल्ली घरी नेली. सकाळी कपाट बंद होतं, कागदांवर ठसे होते आणि मी ओला होतो.

खरं सांगतो, मित्रांनो, मी कसा हललो ते मला माहीत नाही. मला फक्त दाब आठवतो. हाताचा दाब, पण त्या हाताला ऊब नव्हती.

बाईंनी शेवटी फंडाच्या कचेरीला लिहून वर्षावर्षाची विभागणी मागवली. उत्तर आलं तेव्हा त्यांनी आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. जवळजवळ सगळी रक्कम मुळातलीच होती. मास्तरांना बोलावून त्यांनी स्वतःची चूक सांगितली, विनाकारण भरलेला कर परत मागू म्हणाल्या.

मास्तरांनी कराचं काही विचारलं नाही. "म्हणजे तो मला सांभाळत नव्हता," ते म्हणाले. "मीच मला खात होतो."

"उरलंय ते आजच काढा," बाई म्हणाल्या.

त्यांनी काढलं. पुढे काही महिन्यांतच तो फंड बुडाला. बाकीच्यांच्या हाती काही लागलं नाही. मास्तरांच्या बायकोचं औषधपाणी मात्र शेवटपर्यंत नीट झालं. त्या दिवसांत माझा कोण मान वाढला! पण बाई मला उचलताना हाताला रुमाल गुंडाळू लागल्या होत्या.

बायको गेल्यावर मास्तर भेटायला आले. खुर्चीत बसून त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि वन्संच्या हातातले कागद खाली पडले. मास्तरांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला माझा ठसा होता.

"साबणानं जात नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "हिच्याही हातावर होता. ती गेली तेव्हा आपोआप पुसला गेला."

बाई घाईघाईनं म्हणाल्या, की कागदाची शाई लागली असेल. मास्तर हसले. ते पुन्हा आले नाहीत.

बाईंनी मला खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. कचेरीत संगणक आला, रकाने पडद्यावर भरले जाऊ लागले. माझी शाई वाळली, मुठीला भेगा पडल्या. मी विसरलो गेलो, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

आज सकाळी मला जाग आली ती त्या दाबानं. मी बाईंच्या टेबलावर होतो, ओला.

वन्सं चहा घेऊन आल्या. उकाडा असून त्यांनी लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. कप ठेवताना बाही वर सरकली, मनगटावर जांभळी अक्षरं दिसली. बाईंनी पाहिलं. बाईंनी पाहिलं हे वन्संनीही पाहिलं. बाईंनी कपाकडे पाहिलं, नीट लावलेल्या कागदांकडे पाहिलं, खिडकीतल्या पुसलेल्या काचेकडे पाहिलं. वर्षानुवर्षं रोज हातात येणारं हे सगळं त्यांनी कोणत्या रकान्यात लिहिलं होतं?

त्यांनी संगणक बंद केला. "चला वन्सं, तळ्यावर जाऊन बसू."

"अगं, विवरणपत्रं भरायचे दिवस आहेत."

"असू देत."

वन्संनी बाही खाली ओढली आणि चपला शोधायला वाकल्या. बाईंनी आधीच त्या उचलून त्यांच्या पायाशी ठेवल्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या शिक्क्याला तुम्ही जपा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरातही कुणीतरी रोज न चुकता तुमच्या हातावर काहीतरी ठेवत असेल. ते घेताना त्या माणसाकडे एकदा नीट बघा. ते फळ आहे की फांदी, हे त्याला विचारा. कुणी ओलसर जांभळ्या अक्षरांत सांगेपर्यंत थांबू नका.