फेलिमचा लाल डगला

दाराआडच्या खुंटीवरून बोलतोय मी, आयरिश पलटणीतला एक जुना लाल डगला. खुंटीवर टांगलेल्याला दुसरं काम काय असणार? घरात कोण आलं, कोण रुसलं, रस्सा पातळ झाल्याचं खापर कुणी कुणाच्या डोक्यावर फोडलं, सगळं कानावर पडतं. कपड्याला कान नसतात अशी लोकांची समजूत आहे. बरंच आहे ते. मोकळेपणाने बोलतात.

माझा जन्म फ्लँडर्सजवळच्या, फ्रान्सच्या राजाच्या एका छावणीच्या गावातला. लोकर तिथल्या मेंढ्यांची, रंग मंजिष्ठेच्या मुळांचा. रंगाऱ्याने तीनदा उकळत्या कढईत बुडवून काढलं मला. कापताना शिंपी कुरकुरला, "बाकीची फौज पांढरं घालते, आणि या आयरिश लोकांना शत्रूचा रंग हवा. डोकी फिरलीत."

डोकी फिरली नव्हती. माझा मालक फेलिम ओ'हीन, त्याचा आजोबा आयर्लंडात इंग्रजांशी लिमरिकचा तह झाल्यावर बोटीत बसून फ्रान्सला आला, तेव्हा त्याच्या अंगावर लालच होता. त्याच्या राजाची फौजही लालच घालायची. त्या राजासाठी लढला, हरला. शेत गेलं, घर गेलं, गाव सुटलं. अंगावरचं तेवढं राहिलं. "इंग्रजांनी सगळं घेतलं आपलं," फेलिम म्हणायचा, "आता रंगही त्यांचाच म्हणून सोडून द्यायचा?" दोन पेले पोटात गेले की हे तो सांगायचाच. नाही गेले तरी सांगायचा.

खरं म्हणजे फेलिमने आयर्लंड कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या बायकोनेही, ग्रानियाने, नाही. पण तिथल्या चिखलाबद्दल दोघं अशी तक्रार करायची, की ऐकणाऱ्याला वाटावं कालच पाय धुऊन आलीत.

फेलिम उंच, बडबड्या. माझी उजवी बाही कायम त्याच्या रश्श्यात. त्याचा धाकटा भाऊ लॉकलन त्याच कंपनीत होता. तो चार शब्दांत दिवस काढायचा.

आणि मग मे महिन्यातली इंग्रजांशी ती लढाई आली.

धूर इतका, की मलाच माझी बाही दिसेना. फेलिमच्या टोपीवर पांढरी फीत होती, फ्रान्सच्या बाजूचा म्हणून ओळखू यावा यासाठी. टोपी धावताना केव्हाच उडाली होती. डावीकडून आपलेच फ्रेंच घोडेस्वार आले. त्यांना धुरात दिसला फक्त लाल रंग. छावणीतल्या आयरिश लोकांतच वाढलेल्या फेलिमला फ्रेंच येत होतं ते बाजारापुरतं, भाकरी आणि कांदे घेण्याइतकं. घोडे अंगावर आले तेव्हा तो आपल्या भाषेत ओरडला, "आम्ही तुमचेच." कुणाला कळणार?

गोळी माझ्या डाव्या बगलेखालून आत गेली. शत्रूची नव्हती. एवढं मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

मुर्ता हवालदार मला घेऊन ग्रानियाकडे आला. मुर्ता पलटणीतला सगळ्यात म्हातारा. "पोरी," तो म्हणाला, "नियमाने हा भांडारात जमा करायचा. पण भोक पडलेलं आम्ही मोजत नाही." मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. वरून कागद आला होता. लाल शत्रूसारखा दिसतो, म्हणून आयरिश लोकांनी आता निळा डगला घालावा. पण हुकूम म्हणून नको, कंपनीने आपणहून मागितलं तर बरं दिसेल. रविवारी मैदानात विचारणार होते, आणि सगळ्यात आधी ग्रानियाला. तिचाच माणूस गेला होता. ती हो म्हणाली असती, तर नाही म्हणायला कुणाची जीभ उचलली असती?

शनिवारी दुपारी लॉकलन आला. ग्रानियाला सहावा महिना होता. मी तिच्या मांडीवर होतो.

"वहिनी, हो म्हणून टाक."

"का?"

"मी दहा पावलांवर होतो. लाल नसता तर आज इथे बसून तुझं डोकं खात असता तो."

"खाल्लं असतं, खरंय," ती म्हणाली. "आणि आता मी चारचौघांत म्हणायचं, फेलिम चुकीच्या कपड्यात होता म्हणून मेला. गोळी मारणारे नामानिराळे, चूक त्याची."

"मेलेल्याचं राहू दे. मी जिवंत आहे. पुढच्या वेळी हाच रंग मला घालायचाय."

एवढं लांब तो कधी बोलला नव्हता. ग्रानियाने माझ्या भोकात बोट घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग उठली, सुईत दोरा ओवला. पांढरा.

"लाल दोरा आहे की घरात," लॉकलन म्हणाला.

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले."

रविवारी मैदानात कप्तानसाहेबांनी कागद वाचला. ग्रानियाने मला खांद्यांना धरून सगळ्यांसमोर उंच केलं. माझ्या दोन्ही बगलांखाली वीतभर पांढरी फुली होती.

"टोपी उडते, साहेब. ही उडणार नाही. माझा दीरही असाच जावा अशी माझी इच्छा नाही, म्हणून घोड्यावरून दिसेल एवढी मोठी घातलीय. ओळखणं हे त्यांचं काम. रंग आमचा."

"आणि तरीही दिसली नाही तर?" साहेबांनी विचारलं.

"तर त्यांना चष्मे द्या. आम्हाला कपडे नकोत."

कुणीतरी हसलं. कप्तानसाहेबांनी कागदाची घडी घातली. तेही आयरिशच होते, पण साहेब असल्यामुळे त्यांना हसता येईना. मुर्ता पुढे झाला. "पोरी, दोरा उरलाय का?"

त्या संध्याकाळी लॉकलनने स्वतःचा डगला काढून मला अंगात घातलं. खांद्यांत मी त्याला मोठा होतो.

"शिवण टोचतेय," तो म्हणाला.

"टोचू दे," ग्रानिया म्हणाली.

दोन लढायांतून त्याला मी परत आणलं. तिसरीत त्याचा पाय गेला, पण शत्रूच्या हातून. त्याचा त्याला अभिमान होता.

आता ती सगळी माणसं गेली. पलटणी मोडल्या. नव्या राजवटीत म्हणे सगळ्यांनी निळंच घालायचं. ग्रानियाची नात मार्गो कालच मला चाचपत होती. "लोकर अजून चांगली आहे. निळ्यात बुडवून घेऊ या, जत्रेला घालता येईल." पोर मनाने वाईट नाही, पण तिला कुणी सांगितलेलंच नाही काही.

मार्गो, बगलेखालच्या त्या फुलीवर एकदा बोट ठेव. तिथे तुझा आजोबा पडला आणि तिथेच तुझी आजी उभी राहिली. मग हवं तर ने मला रंगाऱ्याकडे. तीनदा उकळलेली मंजिष्ठ आहे ही, धागा तुटेपर्यंत जात नाही. निळ्यात कितीही घोळवलंस तरी फार तर काळा होईन मी.

निळा होणार नाही.